बत्तीस जग, चौदा तडकलेले कान

हे प्रकरण बडोद्यातल्या एका छोट्या मातीकामाच्या स्टुडिओतलं आहे. नावं आणि पत्ते गाळले आहेत, आकडे स्टुडिओच्या नोंदवहीतले आहेत. स्टुडिओ चालवणारीला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही इथे ताईच म्हणते. ती माझी जुनी सहाध्यायी. भट्टीची वही आणि तापमानाचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे मी यात त्रयस्थ नाही हे आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

दांडिया बाजारापासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत तीन चाकं आणि एक मोठा कूलर. मागे ओसरी, तिला कमरेएवढा कठडा. ओसरीपुढे फरसबंद अंगण आणि कोपऱ्यात पत्र्याखाली विजेची भट्टी.

काम करणारी माणसं तीन. ताई, वीसेक वर्षांची एक शिकाऊ मुलगी, आणि प्रजापती म्हणजे कुंभार घरातले एक काका, ज्यांचं आयुष्य लाल मातीचे माठ आणि कुंड्या करण्यात गेलं. बडोद्यात असे दोन प्रवाह एका खोलीत भेटतात, त्याचं फारसं नवल कुणाला वाटत नाही. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, १९५०मध्ये तिथे ललित कला विद्याशाखा सुरू झाली, आणि ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांच्यासारख्या कलावतीने तिथे वर्षानुवर्षं सिरॅमिक शिकवलं. त्यामुळे १२०० अंशांच्या वर भाजलेली स्टोनवेअरची भांडी घरबसल्या करणारे हात या शहरात बऱ्यापैकी आहेत. काकांची माती त्याच्या कितीतरी खाली भाजते. चाक मात्र दोघांचं एकच, आणि चाकावर काका ताईपेक्षा जलद.

एका गोष्टीत काका नवखे होते: कान. माठाला कान नसतो. कळशी कमरेवर बसते, तांब्या गळ्याशी धरतात. लोणच्याच्या बरणीला इवलेसे कान असतात, पण ते दादरा बांधताना दोरी अडकवायला, उचलायला नव्हेत. भरल्या भांड्याचं सगळं वजन एका बाजूने पेलणारा मातीचा कान आपल्या घरात खरा रुळला तो कपबशीबरोबर. ताईने काकांना पहिल्यांदा कान ओढून दाखवला तेव्हा ते हसून म्हणाले, "बेन, आ तो गाय दोवा जेवुं छे." म्हणजे हे तर गाईची धार काढण्यासारखं आहे. उपमा अगदी नेमकी आहे. मुळ्याएवढा मातीचा गोळा डाव्या हातात उलटा लोंबता धरायचा, उजवा हात ओला करून वरून खाली पुन्हा पुन्हा सारायचा, की माती हळूहळू लांबते आणि पट्टी होते. घाई केली की मधेच तुटते.

ऑर्डर आणि सुरुवातीचे निर्णय

मार्चअखेर एक मराठी कुटुंब आलं. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन ७ जूनला होतं. आलेल्या प्रत्येक घराला आहेराची परतभेट म्हणून ताकाचा जग द्यायचा होता. एकूण ३२. बांधाबांधीला वेळ हवा म्हणून माल ५ जूनला हातात. सूनबाईंनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. जगात लिटरभर ताक मावलं पाहिजे, आणि कान असा हवा की म्हाताऱ्या माणसाची चारही बोटं आत जातील.

लिटरवर पहिला घोटाळा झाला. आमची माती ओल्यापासून भाजून निघेपर्यंत लांबीत १२ टक्के आटते. १० सेंटिमीटरची रेघ ८.८ होते. लोक इथे १२ टक्केच धरतात आणि फसतात, कारण आटणं तिन्ही बाजूंनी असतं. ०.८८चा घन केला की ०.६८ येतो. म्हणजे ओला असताना लिटरभर मावणारा जग भट्टीतून ६८० मिलिलिटरचा होऊन निघतो. ताईने नमुना घाईत केला, सूनबाईंनी अर्ध्या लिटरची ताकाची पिशवी त्यात दोनदा ओतली, आणि दुसरी पिशवी टेबलावर गेली. शेवटी भाजल्यावर काठोकाठ १.२ लिटर धरायचं ठरलं, म्हणजे ओला असताना साधारण पावणेदोन लिटर. धडाला १,२०० ग्रॅमचा गोळा.

रंगावरही थोडी ओढाताण झाली. त्यांना आतूनबाहेरून शेवाळी हिरवा हवा होता. तो रंग आमच्याकडे तांब्याच्या ऑक्साइडने येतो. ताईने त्या ग्लेझच्या, म्हणजे भाजून काचेसारखा होणाऱ्या लेपाच्या, वाटीत लिंबाची फोड रात्रभर ठेवली. सकाळी फोडीखालचा हिरवा फिकटला होता. सूनबाईंना जास्त समजवावं लागलं नाही. ताईने "बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवल्यासारखं होईल" म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "नको बाई, कळकेल." आतून साधा पांढरा, बाहेरून हिरवा असं ठरलं. शिसं तर आम्ही कुठेच वापरत नाही.

या दोन फेऱ्यांत एप्रिल गेला. पुढे जे झालं त्यात या गेलेल्या महिन्याचा हात मोठा आहे. मार्चची हवा वेगळी आणि मे महिन्याची वेगळी.

अडचण

४ ते ६ मे या तीन दिवसांत काका आणि ताईने मिळून ४० जग फिरवले. दोन चोच काढतानाच गेले. चोचीचं काम दिसायला सोपं दिसतं. काठाला दोन बोटांचा आधार द्यायचा आणि तिसरं ओलं बोट मधून बाहेर झुलवत न्यायचं. पण कड पातळ आणि धारदार राहिली नाही तर धार तुटत नाही, शेवटचा थेंब मागे वळून जगाच्या पोटावरून ओघळतो. पाण्यापेक्षा ताकाला ही खोड जास्त.

उरलेल्या ३८ जगांना ५ ते ७ मे दरम्यान कान लागले. २४ मुलीने लावले, १४ ताईने. पद्धत दोघींची सारखीच: जग लेदरहार्ड, म्हणजे चामड्यासारखा ताठ पण अजून ओलसर, झाला की सांध्याच्या दोन्ही जागा खरवडायच्या, त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावायची, कान वर दाबून बसवायचा, कमान सोडायची, खालचं टोक अंगठ्याने पुसून घ्यायचं. रोज संध्याकाळी तयार जग उचलून ओसरीवरच्या चार फळ्यांच्या रॅकवर.

१२ मेला सुकलेले जग तपासताना सहा कानांच्या वरच्या सांध्याला केसासारखी रेघ दिसली. ताईने व्हिनेगर आणि कागदाचा लगदा मिसळलेली स्लिप भरून त्या बुजवल्या. दोन खेपांत बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी झाली, ९६० अंशांना. १८ मेला भट्टी उघडली तेव्हा बुजवलेल्या सहांपैकी चार पुन्हा उलले होते आणि आणखी आठ नवे जग तडकले होते. बुजवलेले उरलेले दोन वरून धड दिसत होते, पण आम्ही तेही बादच धरले. एकूण १४ गेले, २४ उरले. हवे होते ३२, आणि हाताशी अठरा दिवस.

कारणाचा शोध

इथे पहिली चूक झाली, आणि ती मातीची नव्हती. ताईने भट्टीपाशी उभ्या उभ्याच मुलीला विचारलं, "नीट खरवडलं होतंस ना?" मुलगी काही बोलली नाही. दुपारी जेवलीही नाही. ताईचा आवाज चढला नव्हता, पण प्रश्नातच निकाल होता. मी तिथेच होते, आणि मलाही त्या क्षणी तेच वाटलं. कान सुटला म्हणजे सांधा कच्चा, हे आमच्या डोक्यात पहिल्या वर्गापासून बसलेलं.

संध्याकाळी मी वही उघडली. प्रत्येक जगाच्या बुडाला क्रमांक कोरलेला असतो आणि वहीत त्यापुढे कान कुणी लावला ते असतं. मुलीच्या २४ पैकी ९ तडकले होते, ताईच्या १४ पैकी ५. भागाकार केला तर दोघींचं प्रमाण जवळपास एकच, शंभराला छत्तीस ते अडतीस. हात कच्चा असता तर वीस वर्षांचा सराव असलेल्या ताईचे इतके कसे गेले असते?

मग तडा नीट पाहिला. एक जग हातात घेऊन खिडकीपाशी नेला. स्लिप जिथे होती तिथे कान घट्ट चिकटलेलाच होता, खरवडीच्या रेघाही एकमेकींत मुरलेल्या. रेघ सांध्यातून जातच नव्हती. ती सांध्याच्या एक सूतभर अलीकडे, कानाच्याच मातीत, वरच्या बाजूला आडवी उघडली होती, मधे रुंद आणि कडांना निमुळती. म्हणजे डिंक सुटला नव्हता. कान आखडला होता, आणि धड त्याच्याबरोबर आखडलं नव्हतं.

माती ओलीपासून कोरडी होईपर्यंत आटते, आमची सुमारे सहा टक्के. भाजताना उरलेली. वरच्या सांध्यापासून खालच्यापर्यंत कानाची लांबी चौदा सेंटिमीटर धरली तर तेवढ्यात आठ मिलिमीटर जातात. धडही त्याच वेगाने आटलं तर काही बिघडत नाही, दोघं मिळून लहान होतात. पण बोटभर जाडीचा कान चहूबाजूंनी उघडा असतो, आणि मोठ्या पोटाच्या जगाला आतली बाजू सुकायला दिवस लागतात. कान आधी आटला तर तो ओल्या धडाला ओढतो, आणि जिथे वळण सर्वांत कडक तिथे फाटतो.

मग एवढा आधी का आटला? उत्तर ताईच्या फोनमध्ये सापडलं. ७ मेच्या संध्याकाळी तिने भरलेल्या रॅकचा फोटो स्टेटसला टाकला होता. जग क्रमांकाने लावलेले. वरच्या दोन फळ्यांवर १८, खालच्या दोनवर २०, आणि फोटो चांगला यावा म्हणून सगळ्यांचे कान अंगणाकडे वळवलेले. मी फोटोवर क्रमांक लिहीत गेले. वरच्या फळ्यांवरचे ११ तडकले होते, खालच्यांवरचे ३. खालच्या फळ्या कठड्याच्या आड येतात, वरच्या येत नाहीत.

त्या आठवड्यात पारा बेचाळिसावर होता. दुपारी फरशी तापून अंगणातून झळा ओसरीत येत होत्या. आणि पुढच्या खोलीत कूलर. कूलर म्हणजे पाण्यातून ओढलेली हवा, ती खोली दिवसभर दमट. जग तिथे जन्माला येऊन तिथेच अर्धा दिवस राहिले, त्यामुळे धड मऊ आणि ओलं राहिलं. कान लागल्यावर संध्याकाळी ते दहा पावलांवर दुसऱ्याच हवामानात गेले. एका घरात आम्ही दोन ऋतू करून ठेवले होते.

रॅक ओसरीवर हलवायचा सल्ला माझा होता, जानेवारीत. जानेवारीत तो बरोबर होता.

पर्याय

१८ मेच्या रात्री चहाबरोबर जे पर्याय निघाले, त्यांतले दोन लगेच बाद झाले. बाजारातून तयार जग आणून देणं ताईच्या तोंडातून निघालं आणि तिनेच परत घेतलं. २४ द्यायचे आणि आठ नंतर पाठवायचे, हे परतभेटीच्या बाबतीत चालण्यासारखं नव्हतं. कुठल्या आठ घरांना रिकाम्या हातांनी पाठवायचं, हे सूनबाईंनी ठरवायचं का?

तिसरा पर्याय मोहाचा होता: बिस्क झालेल्या तड्यात भरणी घालायची, वर ग्लेझ चढवायचं, रेघ दिसणार नाही. मी याच्या बाजूने थोडी झुकले होते, कबूल करते. त्याच आठवड्यात क्लासच्या मुलांची ग्लेझ भट्टी लागणार होती, तिच्यात दोन दुरुस्त जग आणि एक धड जग ढकलायचं ठरलं, मग बघू.

चौथा पर्याय काकांचा. कानच नको. कमरेत आवळलेला, दोन्ही हातांत बसणारा जग, वर चोच. त्यांनी बोलता बोलता एक फिरवूनही दाखवला, आणि तो देखणा होता. पण "चार बोटं आत गेली पाहिजेत" ही अट ज्यांनी घातली होती त्यांना हा कसा द्यायचा, हा प्रश्न राहिलाच. जग मात्र मोडला नाही, फळीवर ठेवून दिला.

पाचवा पर्याय म्हणजे नवे जग करणं. दिवस मोजले. फिरवणं आणि कान दीड दिवस, सुकणं नऊ-दहा, बिस्क दोन, ग्लेझ लावणं एक, ग्लेझ भाजणी आणि थंड होणं दोन-तीन. बसत होतं, पण मधे एकही दिवस मोकळा नव्हता. यातला सगळा ताण सुकण्याच्या दहा दिवसांवर, आणि घाई करायचा मोह तिथेच सर्वांत जास्त.

सांगायचं कधी, यावर आमचं पटलं नाही. मी म्हणाले, आजच फोन कर. ताई म्हणाली, तोडगा हाताशी आला की सांगते, उगाच त्यांच्या जिवाला घोर नको. तिने चार दिवस घेतले.

काय केलं

दुरुस्तीचा निकाल यायची वाट न पाहता १९ मेच्या सकाळीच नवे गोळे मळायला घेतले. हा निर्णय आजही मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला वाटतो, आणि तो काकांचा होता. ते येऊन थेट चाकावर बसले, कुणाला विचारलं नाही.

चौदा जग फिरवले, एक चोचीत गेला. बाकीच्या तेरांना त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी कान लागले, म्हणजे धड आधीपेक्षा मऊ असताना. कान मात्र आधी ओढून, कमान देऊन, तासभर फळीवर ठेवले, म्हणजे ते थोडे ताठले. दोघांची ओल शक्य तितकी जवळ आणायची, एवढंच यामागे होतं. हातात घेतल्यावर दोन्ही माती सारख्याच गार लागल्या पाहिजेत; त्याहून नेमकं माप आमच्याकडे नाही.

त्यानंतर मुलीने एक युक्ती काढली. दुधाच्या पिशव्या धुऊन, दोन बोटं रुंद पट्ट्या कापून तिने प्रत्येक कानाला सैल गुंडाळल्या, सांध्यांवर जरा जास्त. धड उघडं, कान झाकलेला. आम्ही आजवर उलट करत आलो होतो, अख्ख्या जगावर प्लास्टिक टाकायचं आणि मग अख्खं काढायचं. तिच्या पट्ट्यांमुळे जाड धडाला पुढे जायला मिळालं आणि बारीक कानाला मागे थांबावं लागलं.

आठ जग घरातल्या बंद पडलेल्या फ्रीजमध्ये गेले, पाच थर्मोकोलच्या खोक्यात. पहिले चार दिवस दार बंद. पाचव्या दिवसापासून रोज तासभर उघडं, मग दोन तास, आठव्या दिवशी पट्ट्या सोडल्या. मुलगी रोज सकाळी प्रत्येक जग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहायची. सलग दोन दिवस वजन हललं नाही की जग सुकला. २९ तारखेला तेराचे तेरा स्थिर झाले. गालाला लावून पाहिलं तरी गार लागत नव्हते.

मधे २२ मेला क्लासची भट्टी उघडली. दुरुस्त केलेल्या दोन जगांच्या कानांना, आणि तिसऱ्या धड जगाच्या कानाला, दोरीने पिशवी टांगून तीत वाळू ओतत गेलो. जग आणि आतलं ताक मिळून दोन किलोच्या आसपास भरतं. पहिला दुरुस्त कान चार किलोला गेला. आवाज काही नाही, बिस्किट मोडावं तसा. दुसरा नऊपर्यंत टिकला. धड जग पंधरा किलोला होता तसाच होता, तिथे आम्ही थांबलो. नऊवाला पाहून मी म्हणाले, हा चालेल. ताईने विचारलं, "मग कुठला चारवाला आणि कुठला नऊवाला, हे तू वरून ओळखून दाखव." ओळखता येत नव्हतं. उद्या त्यात कुणी ताकाऐवजी उकळतं दूध ओतलं तर? दुरुस्तीचा विषय तिथे मिटला आणि चौदाही जग अंगणात फोडले.

त्याच संध्याकाळी ताईने सूनबाईंना फोन केला.

"वहिनी, तुमचे काही जग भट्टीत गेले. नवे लावलेत, पण बत्तीसचे बत्तीस होतील असं आज छातीठोक सांगत नाही."

पलीकडे थोडी शांतता, मग: "ताई, हे तुम्हाला कधी कळलं?"

ताईने खरी तारीख सांगितली. त्यावर सूनबाई एवढंच म्हणाल्या, की चार दिवस आधी कळलं असतं तर चांदीच्या दुकानात चार वाट्या सांगून ठेवल्या असत्या, आता तिथेही गर्दी असेल.

निष्पत्ती

पहिल्या खेपेच्या २४ पैकी एक क्लासच्या भट्टीत आधीच झाला होता, उरलेले २३ जग २५ मेला १२२० अंशांना ग्लेझ भाजले. २७ला बाहेर काढून एकेक टिचकीने वाजवला. माठ घेताना बायका वाजवून घेतात तसाच. तीन बोदे वाजले. डोळ्याला दिसेना, पण भिंगाखाली वरच्या सांध्यापाशी रेघ होती. तिन्ही वरच्या फळ्यांवरचे, म्हणजे तिथल्या १८ पैकी एकूण १४ गेले. आणखी एकाचं ग्लेझ ओघळून बूड भट्टीच्या फळीला चिकटलं. आधीचा एक धरून उरले २०.

दुसऱ्या खेपेच्या तेरांपैकी बिस्कमध्ये एक गेला, त्याचा कान शाबूत होता, बूड तडकलं. ग्लेझमध्ये एक चोचीपाशी सोलवटला. ११ हाती आले. एकाही कानाला तडा नाही. सगळे मिळून ३१.

५ जूनला ताई स्वतः जग घेऊन गेली, आणि एक कमी आहे हे दारातच सांगितलं. खोक्यात तिने काकांचा बिनकानाचा जगही ठेवला होता, तोही याच भट्टीत भाजून निघालेला, पण तो मोजणीत धरला नव्हता. आजोबांनी खोकी उघडायला लावली आणि नेमका तोच उचलला. हा नग कुणाचा, म्हणून विचारलं. ताई सांगायला लागली तर म्हणाले, "अगं, मोठ्याने बोल. मलाही कानाचं काही राहिलेलं नाही, माझा हाच असू दे." दोन्ही हातांनी तांब्यासारखा धरून त्यांनी पाणी ओतून पाहिलं. चारही बोटं आत जाणारा कान हवा, ही अट त्यांची नव्हतीच. ती सुनेने त्यांच्या थरथरत्या हाताकडे पाहून घातली होती, आणि त्यांना मात्र दोन्ही हातांत धरलेलं भांडं जास्त सोपं जात होतं.

पैशांचं थोडक्यात: ताईने ३१ जगांचेच घेतले. काकांच्या जगाचे तिने लावले नाहीत आणि त्यांनी जबरदस्तीने दिले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

नमुना मार्चमध्ये केला आणि माल मे महिन्यात, तरी नमुना सुकला कसा हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. नमुना एकटा असतो, घरात सावलीत पडलेला असतो, तो कधीच तडकत नाही. ४० जग लावण्याआधी त्याच रॅकवर, त्याच आठवड्यात दोन-तीन जग पुढे पाठवले असते तर चार दिवसांत कळलं असतं. आता वहीत आम्ही जागा, फळी आणि दुपारचं तापमान लिहितो. कान कुठल्या दिशेला होता तेही.

१२ मेला सहा रेघा दिसल्या तेव्हा थांबायला हवं होतं. त्या दिवशी आम्ही तडे बुजवले, आणि बुजवल्यामुळे तडा का पडला हे विचारायची गरज वाटली नाही. तेव्हा विचारलं असतं तर सहा दिवस आणि दोन भाजण्या वाचल्या असत्या.

फोन १८ तारखेलाच व्हायला हवा होता. ताईला ते मान्य आहे, पण ती म्हणते की त्या रात्री तिच्याकडे सांगायला फक्त वाईट बातमी होती. सूनबाईंना तेवढीही पुरली असती, त्यांच्या चांदीच्या वाट्यांवरून दिसतंच.

मुलीला विचारलेल्या प्रश्नाचं काय? वहीचा हिशेब ताईने तिच्यासमोरच वाचला, पण "माझं चुकलं" असं काही म्हटलं नाही. दुसऱ्या खेपेला सगळे कान तिलाच लावायला दिले. मुलीने ते समजून घेतलं की नाही, मला माहीत नाही. तिने विषय काढलेला नाही.

आणि वाऱ्याचं कारण पक्कं धरून आम्ही मोकळे झालो असलो, तरी एक गोष्ट त्यात बसत नाही. खालच्या फळ्यांवर, कठड्याच्या आडही तीन कान तडकले होते. तिथे झळ पोचत नव्हती. ते फोडण्याआधी मी तडे पाहिले होते, आणि त्या तिघांची रेघ मात्र थेट सांध्यातूनच गेली होती, आत खरवडीच्या खुणा जेमतेम. त्यातला एक मुलीचा होता. दोन ताईचे.